टोकन लाँचवाल्यांमध्ये फीचं युद्ध चालू आहे म्हणतात, मग आपल्याला स्वस्त का पडत नाही?

घाटकोपर_पश्चिम

मंडळी एक शंका आहे, हसू नका. मी शेअरबाजारात बऱ्याच वर्षांपासून आहे, म्हणजे डिलिव्हरी, थोडेफार आयपीओ, एफअँडओच्या वाटेला जात नाही. बीकेसीत ऑफिस आहे, तिथल्या पोरांच्या नादाने सोलाना या ब्लॉकचेनवरचे मीम कॉइन, म्हणजे गंमतीत काढलेली क्रिप्टो टोकन, बघायला लागलो, रकमा छोट्या, बुडाले तर बुडाले या हिशोबाने. परवा लंचमध्ये वाद झाला. एक जण म्हणतो पंप डॉट फनला, म्हणजे कोणालाही नवीन टोकन काढू देणाऱ्या साइटला, आता इतके स्पर्धक आलेत, लेट्सबॉंक, रेडियमचं लाँचलॅब, बॅग्ज, बेस चेनवर क्लँकर, बीएनबी चेनवर फोर डॉट मीम, की फी मरणारच, जसं आपल्याकडे डिस्काउंट ब्रोकर आले आणि डिलिव्हरीची दलाली शून्यावर आली तसं. लॉजिक मलाही पटलं. पण माझं वॉलेट बघतो तर घेतलं आणि त्याच भावाला विकलं तरी पैसे बऱ्यापैकी कमी होतात, आणि आधीपेक्षा जास्तच कापतायत असं वाटतं. नक्की कुठे जातंय हे?

आणि जाता जाता, आमच्या मंडळातला एक पोरगा म्हणतो आपण मंडळाच्या नावाने कॉइन काढू, क्रिएटर फी, म्हणजे कॉइन काढणाऱ्याचा वाटा, येईल ती वर्गणीत टाकू. यावर पण बोला.

----

ठाणे_लोकल_७१२

शून्यावर येणार ती फी नाही भावा, तुझी शिल्लक 😄

----

चाळीतला_क्वांट

वरच्याचं सोडा, प्रश्न चांगला आहे आणि तुमच्या ऑफिसातल्या पोराचं लॉजिक नेमकं उलटं आहे.

थोडा इतिहास. पंप डॉट फन जानेवारी २०२४ मध्ये आलं. मॉडेल सोपं होतं, कोणीही दोन मिनिटांत टोकन काढायचं, १ अब्ज टोकनचा पुरवठा, त्यातले साधारण ८० कोटी बाँडिंग कर्व्हवर, म्हणजे खरेदी होईल तसा भाव आपोआप चढवणाऱ्या सूत्रावर, विकायचे, प्रत्येक खरेदी-विक्रीवर १ टक्का फी. कर्व्हमध्ये जवळपास ८५ सोल (सोलानाचं स्वतःचं नाणं) जमले की टोकन ग्रॅज्युएट, मग ते पैसे आणि उरलेली टोकन रेडियम या एक्स्चेंजवर पूल करून, म्हणजे खरेदी-विक्रीसाठी एकत्र साठा करून, टाकायची आणि तिथून पुढे ट्रेडिंग तिकडे. जाताना पंपवाले ६ सोल काढून घ्यायचे, म्हणजे पूलमध्ये ७९ च्या आसपास जायचे. ग्रॅज्युएट होणारे कॉइन शंभरात एखाद-दीड, बाकीचे कर्व्हवरच मरतात, पण मरेपर्यंत येता-जाता १ टक्का मिळतोच की.

आता यात रेडियम आयत्या बिळावर बसलं होतं. त्यांना ग्राहक पंपकडून यायचे आणि पूलची फी त्यांच्याकडे. हे पंपला किती दिवस सहन होणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी फुटली की पंप स्वतःचं एक्स्चेंज काढतंय, रेडियमचं टोकन लगेच आपटलं. २० मार्च २०२५ ला पंपस्वॅप आलं, ६ सोलची मायग्रेशन फी काढून टाकली, आणि पूलची फी ०.२५ टक्के, त्यातले ०.२० लिक्विडिटीवाल्यांना, म्हणजे पूलमध्ये पैसे ठेवणाऱ्यांना, आणि ०.०५ पंपला. रेडियमने एप्रिलमध्ये उलट लाँचलॅब काढलं आणि त्याच लाँचलॅबवर बॉंक या मीम कॉइनवाल्यांनी लेट्सबॉंक काढलं. जुलै २०२५ मध्ये लेट्सबॉंकने पंपला मागे टाकलं होतं, विश्वास बसत नव्हता पण टाकलं होतं. त्याच जुलैत पंपने स्वतःचं टोकन विकलं, १२ तारखेला, ०.००४ डॉलरला एक, आणि पब्लिकमधून ५० कोटी डॉलर १२ मिनिटांत गोळा. म्हणजे लढायला पैशाची कमी नाही कोणालाच.

इथपर्यंत वाटतं ना की आता फी पडणार? झालं काय बघा. मे २०२५ मध्ये पंपने टोकन काढणाऱ्याला वाटा द्यायला सुरुवात केली, पूलमधल्या उलाढालीवर ०.०५ टक्के. सप्टेंबरमध्ये ते वाढवून पायऱ्या केल्या, कॉइन जितका छोटा तितका क्रिएटरचा वाटा जास्त. नुकत्याच ग्रॅज्युएट झालेल्या कॉइनवर क्रिएटरला ०.९५ टक्क्यापर्यंत आणि मोठा झाला की उतरत उतरत ०.०५. म्हणजे छोट्या कॉइनवर पूलची फी जी ०.२५ ला सुरू झाली ती १.२० च्या घरात गेली. कर्व्हवर १ टक्का होता तो १.२५ झाला, त्यातला ०.३० क्रिएटरचा. हे आकडे ते बदलत असतात, तुम्ही ज्या दिवशी घेताय त्या दिवशीचे बघा, पण दिशा कळली ना. स्पर्धक वाढले आणि ट्रेडरची फी वाढली!

कारण सोपं आहे. कोकणात जाताना प्रायव्हेट बस कुठल्या हॉटेलला थांबते? जिथे ड्रायव्हर-क्लीनरला फुकट जेवण मिळतं तिथे. हायवेवर हॉटेलं वाढली म्हणून तुमचा चहा स्वस्त होत नाही, ड्रायव्हरच्या ताटात चिकन येतं, आणि त्याचे पैसे तुमच्या चहात. इथे ड्रायव्हर म्हणजे कॉइन काढणारा. नवीन कॉइन ज्या प्लॅटफॉर्मवर निघणार तिथेच ट्रेडरला जावं लागतं, तो कॉइन दुसरीकडे मिळतच नाही. रिलायन्सचा शेअर कुठल्याही ब्रोकरकडे तोच, म्हणून ब्रोकरला तुमच्यासाठी भांडावं लागलं. इथे तुमच्यासाठी कोणी भांडत नाहीये.

----

घाटकोपर_पश्चिम

बापरे, एवढं डिटेल. बसचं पटलं. पण १.२५ टक्का म्हणजे १० हजारावर १२५ रुपये, येताना-जाताना मिळून अडीचशे. माझे त्याहून जास्त जातात हो. मी तर ०.०५ सोल वगैरेच टाकतो एका कॉइनमध्ये.

----

सायली_दादर

०.०५ सोल टाकतोस तिथेच घोळ आहे दादा. बाकीचं मी सांगते.

प्रत्येक नवीन टोकनसाठी तुझ्या वॉलेटात एक वेगळं टोकन अकाउंट उघडतं आणि त्याच्यासाठी सोलाना साधारण ०.००२ सोल भाडं म्हणून अडकवून ठेवतं. ०.०५ सोलवर हे झालं ४ टक्के! ही फी नाहीये, डिपॉझिट आहे, टोकन सगळं विकून ते रिकामं अकाउंट बंद केलं की परत मिळतं, पण बंद कोण करतं? माझ्या एका मित्राच्या वॉलेटात मेलेल्या कॉइनची रिकामी अकाउंटं नुसती पडून होती, सगळी बंद केली तर चांगले पैसे निघाले. बऱ्याच वॉलेटमध्ये आता तशी सोय असते. फक्त कुठल्याही अनोळखी साइटला वॉलेट जोडून "भाडं परत मिळवा" करू नकोस, तिथे वॉलेटच रिकामं होतं.

दुसरं, तू थेट प्लॅटफॉर्मच्या साइटवरून घेतोस की कुठल्या टेलिग्राम बॉटवरून किंवा टर्मिनलवरून, म्हणजे झटपट घ्यायला-विकायला मधे लावलेल्या टूलवरून? कारण बॉट आणि टर्मिनलवाले वरून १ टक्क्याच्या आसपास घेतात, दोन्ही बाजूंना. म्हणजे कर्व्हचे १.२५ आणि बॉटचा १, एका बाजूला सव्वादोन, जाऊन-येऊन साडेचार. समज १० हजार घेऊन तू असे २० वेळा आत-बाहेर केलंस आणि गंमत म्हणून धर की भाव एकदाही हलला नाही, तरी शेवटी हातात ४ हजार उरतात. फक्त फीमध्ये. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलंय, तू पण कर, ०.९७७५ चा ४० वा घात.

तिसरं, प्रायोरिटी फी आणि व्यवहार नोंदवणाऱ्या वॅलिडेटरला दिलेली टिप. सोलानाची मूळ फी नगण्य आहे, एका सहीला ०.०००००५ सोल. पण सगळे एकाच सेकंदाला त्याच कॉइनवर तुटून पडतात तेव्हा पुढे घुसायला जास्तीचे द्यावे लागतात, आणि बॉटच्या सेटिंगमध्ये ते आधीपासून भरलेले असतात. ही रक्कम ठरावीक असते, टक्केवारीत नाही, म्हणून छोट्या सौद्याला जास्त लागते. सेटिंग उघडून बघ एकदा, मला वाटतं तुझे बरेचसे तिथेच जातायत.

आणि चौथं जे कोणी फी म्हणून मोजत नाही ते म्हणजे कर्व्ह स्वतः. पंपचा कर्व्ह असा धरलाय की जणू सुरुवातीला त्यात ३० सोल आणि १०७.३ कोटी टोकन आहेत, आणि दोघांचा गुणाकार कायम. पहिल्याने १ सोल टाकला की ३० चे ३१ झाले, त्याला साधारण ३.४६ कोटी टोकन मिळाली आणि भाव तेवढ्यात जवळपास ७ टक्के वर. आता बनवणाऱ्यानेच पहिल्या झटक्यात ५ सोलची खरेदी केली तर त्याच्याकडे एकूण पुरवठ्यातले १५ टक्के येतात आणि भाव ३६ टक्के वर गेलेला असतो, तू यायच्या आधीच. सुरुवातीपासून ग्रॅज्युएट होईपर्यंत भाव पावणेपंधरा पटीच्या आसपास जातो, ते काही जादूने नाही, ३० चे ११५ झाले की गणितानेच तसं होतं. पण तो वर जातो तसाच उलटा पण येतो, त्याच वाटेने. पहिल्या दोन सेकंदात घुसलेले स्नायपर विकतात तेव्हा त्यांना पैसे कोण देतं, मागून आलेले. त्याच्यापुढे १.२५ टक्का म्हणजे किस झाड की पत्ती.

----

चाळीतला_क्वांट

सायलीताई मस्त. फक्त एक जोडतो, बॉटमध्ये स्लिपेज, म्हणजे भाव किती सरकला तरी चालेल ती मर्यादा, २०-२५ टक्के ठेवून लोक फिरतात कारण नाहीतर ऑर्डर लागत नाही, आणि मग मधे कोणीतरी सँडविच करतो, तुमच्या आधी घेतो, तुमच्या खरेदीने भाव चढवतो आणि तुमच्या लगेच मागे विकतो. ते पण खर्चातच धरा.

----

बोरिवली_बिल्डर_घरांचा_नाही

मी थोडं वेगळं बोलतो, शिव्या खाईन बहुतेक. मी कोड लिहितो, टोकन लाँचच्या टूलवर काम केलंय. क्रिएटरला वाटा देणं वाईट आहे असं इथे चाललंय, पण आधी काय होतं आठवा. २०२४ मध्ये कॉइन काढणाऱ्याकडे कमवायचा जवळपास एकच मार्ग होता, स्वतः सुरुवातीला घ्यायचं आणि लोकांच्या डोक्यावर विकायचं. म्हणजे रग मारणं हाच धंदा. आता त्याला उलाढालीतून काही येत असेल तर निदान कॉइन जिवंत ठेवण्यात त्याला इंटरेस्ट राहतो. क्लँकरने तर कर्व्हच ठेवला नाही, थेट युनिस्वॅप एक्स्चेंजवर १ टक्का फीचा पूल, त्यातली लिक्विडिटी लॉक, आणि त्या फीमधून बनवणाऱ्याचा वाटा. तो वाटा बघून काही लोक खरंच काहीतरी बनवतात, स्ट्रीम करतात, अॅप काढतात. सगळेच चोर नाहीत हो.

आणि फी वाढली म्हणता, पण एक मायग्रेशन फी गेली, टोकन काढायचा खर्च जवळपास गेला. म्हणजे स्पर्धेने काहीच झालं नाही असं नाहीये.

----

चाळीतला_क्वांट

शिव्या कशाला, मुद्दा बरोबर आहे, अर्धा. पण जे स्वस्त झालं ते कोणासाठी झालं तेच बघा ना, टोकन काढणं स्वस्त झालं ते काढणाऱ्याला, आणि मायग्रेशनची फी एकदाच जायची, ट्रेडरच्या प्रत्येक सौद्यावरची टक्केवारी काही उतरली नाही. माझं म्हणणं तेच आहे.

दुसरं असं की फीचा वाटा भावावर नाही, उलाढालीवर मिळतो. कॉइन हळूहळू वर जाऊन लोक धरून बसले तर क्रिएटरला काही नाही. वर-खाली, वर-खाली, सगळे घाबरून विकतायत, परत घेतायत, तेव्हा त्याची चांदी. आणि पायऱ्या अशा की कॉइन छोटा असेल तोवर टक्केवारी जास्त. तुम्ही क्रिएटर असाल तर एक कॉइन वर्षभर सांभाळाल की दर आठवड्याला नवीन काढाल? मी काही कोणाला चोर म्हणत नाही, पण जसा पगार तसं काम.

स्वतःहून कमी दर लावणारा कोणी का येत नाही, हा खरा प्रश्न. येतात की, मधे मधे शून्य फीच्या जाहिराती करून नवीन कोणीतरी येतं. पण त्यांच्याकडे कॉइन नाहीत कारण क्रिएटर नाहीत, आणि क्रिएटर नाहीत कारण त्यांना द्यायला फी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रॉन चेनवर सनपंप आलं तेव्हा पण काय गाजलं होतं, थोडे दिवस पंपपेक्षा जास्त टोकन निघायला लागली, मग गर्दी परत सोलानावर. इथे गर्दी जिकडे तिकडेच गर्दी.

----

बोरिवली_बिल्डर_घरांचा_नाही

आठवड्याला नवीन कॉइनवाला मुद्दा मान्य. तसे लोक आहेत, मी बघितलेत.

आणि प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या वाट्याचं काय होतं तेही लिहा कोणीतरी. पंप जुलै २०२५ पासून कमाईतून स्वतःचं पंप टोकन बाजारातून विकत घेतंय, लेट्सबॉंकने फीचा मोठा भाग बॉंक विकत घेण्यात घातला. म्हणजे फी कमी करायची तर स्वतःच्याच टोकनधारकांच्या पोटावर पाय. ते कशाला करतील?

----

पार्ले_सीए

सगळे टक्के-दशांश मोजतायत आणि सगळ्यात मोठ्या कापणाऱ्याचं नाव कोणी घेत नाहीये म्हणून लिहिते.

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस. वजावट फक्त खरेदी किमतीची, बाकी कुठल्याही खर्चाची नाही. म्हणजे वर सायलीने सांगितलेली बॉट फी, टिप वगैरे खर्च म्हणून दाखवून नफा कमी करता येत नाही. आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी पण नेता येत नाही. उदाहरण घ्या, एका कॉइनमध्ये ५ हजार कमावले, दुसऱ्यात ६ हजार घालवले. खिशातून हजार गेले. टॅक्स? ५ हजारावर दीड हजार, सेस ६० रुपये, एकूण १,५६०. तोटा हजाराचा होता तो २,५६० झाला.

अजून एक जे बहुतेकांना माहीतच नसतं. सोल देऊन मीम कॉइन घेतलात तर ती सोलची विक्री झाली. सोल तुम्ही स्वस्तात घेतला असेल तर त्याच क्षणी त्यावर नफा मोजायचा, मीम कॉइन मग शून्य झाला तरी. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस पण आहे, भारतीय एक्स्चेंजवर विकलं तर ते स्वतः कापतात, पण वॉलेट-टू-वॉलेट स्वॅपमध्ये कापणारं कोणी नसतं आणि कायद्याने ती जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते. अनोळखी पत्त्याचा पॅन तुम्ही कुठून आणणार ते मला विचारू नका. रिटर्नमध्ये व्हीडीएचं, म्हणजे क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचं, वेगळं शेड्यूल आहे, तिथे व्यवहारानुसार भरायचं असतं. माझ्याकडे एक क्लायंट वॉलेटची एक्सेल घेऊन आला होता, स्क्रोल करता करता माझी कॉफी थंड झाली, मी त्याला आधी माझी फी सांगितली, तो म्हणाला मॅडम एवढी तर कॉइनमध्ये कमाई पण नाही झाली.

आणि हो, एक्स्चेंजवरून सोल घेताना त्यांच्या फीवर १८ टक्के जीएसटी. ते तसं किरकोळ.

----

घाटकोपर_पश्चिम

मॅडम हे सोल दिला म्हणजे विकला हे मला खरंच माहीत नव्हतं 😳 तुमच्याशी पर्सनलवर बोलतो. सायली, सेटिंग बघितलं, बॉटच आहे माझा, प्रायोरिटी फी ०.००१ सोल भरलेली होती, दोन्ही बाजूंना. ०.०५ वर हे धरूनच चाललो नव्हतो.

मंडळाच्या कॉइनचं कोणीच बोललं नाही.

----

ठाणे_लोकल_७१२

गणपतीच्या नावाने कॉइन काढू नका रे बाबांनो, विसर्जन आधीच होईल

----

लालबाग_कार्यकर्ता

आमच्याकडे पण एकाने हे डोक्यात घेतलं होतं म्हणून हिशोब केला होता, तोच टाकतो. क्रिएटरला ०.३० टक्के. मंडळाला १ लाख हवेत तर कॉइनमध्ये ३ कोटी ३३ लाखांची उलाढाल व्हायला पाहिजे. ती उलाढाल करणाऱ्यांचे १.२५ टक्क्याने ४ लाख १६-१७ हजार कापले जाणार. म्हणजे मंडळाला लाख मिळावे म्हणून लोकांनी चार लाखांच्या वर द्यायचे, वरचे तीन लाखांच्या वर तिकडे प्लॅटफॉर्मला. आणि ते लोक कोण, आपल्याच गल्लीतली पोरं, कारण बाहेरचा कोणी आपल्या मंडळाचा कॉइन घ्यायला येत नाही, आला तर स्नायपर येईल.

त्यात वॉलेट कोणाच्या नावावर? पोराच्या मोबाइलमध्ये. ट्रस्ट नोंदणीकृत असेल तर ऑडिटला ही जमा कुठल्या खात्यात दाखवणार? खजिनदाराने एवढं विचारल्यावर आमच्याकडे विषय संपला. लाख पाहिजेत तर पावतीपुस्तक घेऊन निघा, बिल्डरकडे, ज्वेलर्सकडे, तिकडे १.२५ टक्का कोणी कापत नाही.

----

घाटकोपर_पश्चिम

हा हिशोब जसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकतो, नाव न घेता. शेवटचं एक, ज्याने मला हा बॉट लावून दिला तो म्हणतो फी सगळीकडे सारखीच, हाच वापर. खरं आहे का?

----

सायली_दादर

त्याने तुला ॲपचं नाव सांगितलं की लिंक पाठवली? लिंक असेल तर उघडून शेवटी बघ, बहुतेक त्याचा रेफरल कोड असेल. बहुतेक बॉट आणि टर्मिनलवाले तुझ्या फीतला वाटा रेफर करणाऱ्याला देतात, तू जितक्या वेळा घेशील-विकशील तितक्या वेळा. थेट प्लॅटफॉर्मच्या साइटवरून घेतलंस तर बॉटचा १ टक्का वाचेल, वेग कमी मिळेल, पण ०.०५ सोल घेऊन तुला कुठे स्नायपरशी शर्यत लावायचीये.

----

घाटकोपर_पश्चिम

लिंकच होती. उद्या लंचला विचारतो त्याला.